मी नापास केलेला आवाज

लग्नाकार्यात कुणी विचारलं, की हा धाकटा काय करतो, तर माझी आई "कम्प्यूटरचं काम" एवढंच सांगून दुसऱ्या पाहुण्याकडे वळायची. तिला दोष देत नाही. केस पिकलेला माणूस दिवसभर व्हिडिओ गेम खेळतो, मग कॅमेऱ्यासमोर बसून त्या गेमबद्दल मत देतो आणि त्यावर त्याचं घर चालतं, हे तिने कोणत्या तोंडाने सांगावं? मी बारा वर्षं हेच केलं. आता बंद केलंय. संपादकांनी "धंद्यातल्या गमती लिहा" म्हटलं म्हणून लिहायला बसलो. गमती आहेत, त्या सांगतो. पण ज्या गोष्टीसाठी लिहितोय ती गंमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा विशेष विषय एक्स्पान्शन. ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादा गेम निघतो, लोक तो खेळून संपवतात. मग वर्षभराने तेच बनवणारे त्याच गेमला एक जोड देतात: नवं गाव, नवी माणसं, नवी कामं. ही जोड वेगळी विकत घ्यायची असते. तिला एक्स्पान्शन म्हणतात. आता ही जोड घ्यावी की नाही, हा खेळणाऱ्याला पडणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर देणं हा माझा धंदा.

माझी मतं ठाम होती, आजही आहेत. नुसता मोठा नकाशा म्हणजे चांगली जोड नव्हे. रिकाम्या माळावर वीस ठिकाणी तीच तीच लुटुपुटुची कामं पेरायची आणि "चाळीस तासांचा आनंद" म्हणून विकायची, हा शुद्ध चावटपणा. त्याहून वाईट म्हणजे मूळ गेममधलाच तुकडा आधी कापून ठेवायचा आणि नंतर नवा म्हणून आणायचा. पंगतीला बसवून भात वाढायचा आणि आमटीचे पैसे वेगळे सांगायचे, तसलं ते. चांगली जोड आली की जुना गेम पुन्हा काढून बघावासा वाटतो. आपण ज्या वाटेने शंभरदा गेलो तिथे हे घर होतं होय, असं वाटायला लावते ती खरी जोड. अशा जोडी माझ्या बारा वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या.

प्रेक्षकही एकेक नमुने भेटले. विदर्भातले एक निवृत्त पोस्टमास्तर होते. शेतीचा एक शांत गेम आहे, त्यात गोठा, मळा, एक कुत्रा. त्याची जोड येणार म्हटल्यावर त्यांचा निरोप आला: "बाकी काही सांगू नका. कुत्रा मरतो का तेवढं कळवा." हे समजायला मला गेमची सात वर्षं जगावी लागली. नवी पिकं काढली, गावातली लग्नं लावली, पूर आला तो सोसला. कुत्रा म्हातारा होतो, ओसरीवर पडून राहतो, पण मरत नाही. तसं कळवल्यावर त्यांचं उत्तर आलं, "मग घेतो." साताऱ्याकडच्या एक नर्सबाई प्रत्येक जोडीबद्दल एकच विचारायच्या, मध्येच सोडता येते का? वॉर्डातून हाक आली की त्यांना उठावं लागे. त्यांच्यामुळे माझ्या प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी "मध्येच उठता येतं का" असा एक भाग आला आणि तो पुढे इतरांनाही आवडू लागला.

एकदा घोडेस्वारांच्या युद्धाच्या जोडीच्या तीन भागांपैकी पहिलाच खेळून मी ती रटाळ ठरवली. पुढचे दोन भाग अप्रतिम होते. लोकांनी कान उपटले, मी पुढच्या आठवड्यात कान धरून माफी मागितली आणि विषय मिटला. या धंद्यात चूक कबूल करायला काही लागत नाही, उलट लोक खूश होतात. म्हणूनच पुढे जे मी केलं त्याला सबब नाही.

आता मी कोण ते सांगायला हवं, कारण बारा वर्षं ते मी सांगितलं नव्हतं. मी तंजावूरचा. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी तुमच्यासारखी नाही. ती जुनी आहे, तमिळच्या चालीवर चालते, आणि पुण्याच्या माणसाला ऐकताना हसू येतं. हे मला पुण्यात कळलं. तिथे एका कंपनीत नऊ वर्षं मी गेममधल्या चुका शोधायचं काम केलं. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना मी काहीतरी बोललो आणि अख्खं टेबल हसलं. माणसं वाईट नव्हती. पण कुणी पाहुणा आला की मला म्हणत, "अरे, ते तुझं बोलून दाखव ना." मी बोलून दाखवायचो, आणि रात्री खोलीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो. दोन वर्षांत माझी जीभ अशी घासूनपुसून निघाली की नव्या माणसाला मी सदाशिव पेठेतला वाटावं.

आईच्या दुखण्यामुळे परत आलो आणि माडीवरच्या खोलीत परीक्षणं सुरू केली. मराठीत गेमबद्दल बोलणारं तेव्हा फारसं कुणी नव्हतं. सगळ्यांनी मला पुण्याचा धरलं, मी धरू दिलं. खालून फुलवाली तमिळमध्ये "पू, पू" ओरडत गेली की मी रेकॉर्डिंग थांबवायचो. खिडक्यांना जाड पडदे लावले ते उन्हासाठी, असं घरी सांगायचो.

अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत तमिळमधून गणित शिकवून निवृत्त झाली. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर तिचं घर. देवनागरी तिला वाचता येत नाही, मराठी लिहायची तर तमिळ अक्षरांत लिहिते. पण घरात तमिळ बोललेलं तिला चालत नाही. तिची सून सुधा कुंभकोणमच्या तमिळ घरातली. तीसुद्धा वर्षभरात आमच्यासारखं बोलायला लागली. मला बोलायला, पाढे म्हणायला अक्कानेच शिकवलं. गणित चुकलं की ती बोटाच्या पेराने पाटीवर दोनदा टकटक करायची. अजूनही महत्त्वाचं काही बोलायच्या आधी ती हाताशी येईल त्यावर दोनदा टकटक करते.

कोइम्बतूरच्या एका छोट्या कंपनीचा एक गेम होता. वनस्पती गोळा करणारा एक माणूस बैलगाडीतून कावेरीकाठाने फिरतो, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, घाई नाही. तो मला आवडला होता. त्याची जोड निघाली, तीत तंजावूरच्या जुन्या राजवाड्यातली औषधशाळा होती. तिथे जीवाबाई नावाची म्हातारी खल घेऊन बसते आणि खेळणाऱ्याला पाला आणायला पिटाळते. कंपनीची प्रमुख कविता ही तिशीतली मुलगी. तिने मला जोड आधीच पाठवली होती. सोबत लिहिलं होतं, "सर, यात मराठी आहे. तुम्हाला आवडेल."

मला ती जोड मनापासून आवडली. मी वर जे म्हटलं तशी होती ती. औषधशाळेत एकदा जाऊन आलं की मूळ गेममधलं बांधावरचं साधं तणसुद्धा नीट पाहावंसं वाटायचं. आणि मग जीवाबाई बोलली. "पान तोडलास ते बरं अहे. झाडाला विचारटलास कां?"

पुण्याची नव्हे, आमच्या गल्लीतली बोली. माझ्या अंगावर आनंदाने काटा यायला हवा होता. आला तो भीतीने. मला वाटलं, आता कुणीतरी ओळखणार. हे मी इतकं लपवलेलं, आणि ते एखाद्या गेममधून सगळ्यांच्या कानावर जाणार. भ्यालेला माणूस पहिल्यांदा काय करतो? इतरांच्या आधी आपण हसतो. कॅमेरा चालू होता. मी मान डोलावून, तमिळ हेल काढून तिची नक्कल केली. "विचारटलास कां! विचारटलास कां!" मग म्हणालो, "मंडळी, हे मराठी इडलीच्या भांड्यात वाफवलेलं दिसतंय. कंपनीने जरा पुण्याला फोन केला असता तर बरं झालं असतं." चाळीस सेकंदांचा मजकूर. बाकी पंचवीस मिनिटं मी जोडीचं कौतुकच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संकलनाला बसलो. आवाज नीट करायला मी हेडफोन लावून जीवाबाईचा तुकडा मोठ्याने ऐकला. वाक्याच्या आधी बारीक आवाज होता, टक टक. मी मागे नेऊन पुन्हा ऐकला. पुन्हा टक टक. कुणीतरी आवाज म्हातारा केला होता, पण खाली अक्का होती.

तिने मला सांगितलं नव्हतं. महिनाभर ती मिश्कीलपणे म्हणत होती, "तुज्या खेळांतलं एक मला पण कळतें अतां." मी म्हणायचो, "हो का, वा," आणि कॉफीचा पेला खाली ठेवून निघायचो.

त्या क्षणी ते चाळीस सेकंद कापून टाकणं एका बटणाचं काम होतं. मी ते बटण दाबलं नाही. अख्ख्या व्हिडिओत तेवढाच भाग खरा हसवणारा झाला होता, आणि धंदेवाईक माणसाला ते लगेच कळतं. मनाशी म्हटलं, अक्का कुठे हे बघणार आहे, आणि बघितलं तरी तिला गंमत कळेल. हे दोन्ही खोटं आहे हे मला म्हणतानाच ठाऊक होतं. व्हिडिओ चढवला.

लोकांनी पंचवीस मिनिटं सोडली आणि चाळीस सेकंद उचलले. ते इकडून तिकडे फिरू लागले. "हे कसलं मराठी", "मशीनने भाषांतर केलंय", "आमच्या भाषेची टिंगल करू नका". ही शेवटची तक्रार कवितावर होती, माझ्यावर नव्हे. दोन दिवसांनी कविताचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, "सर, मला मराठी येत नाही. मी तंजावूरला आठवडाभर राहून, बऱ्याच घरांत बसून ही बाई निवडली. ती म्हणाली आमच्याकडे असंच बोलतात. मी तिच्यावर विश्वास ठेवला. ती चुकीचं बोलते का? तुम्ही सांगाल ते खरं मानेन."

एवढं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. एका ओळीचं उत्तर होतं: ती बरोबर आहे, मी तिच्याच घरचा आहे. मी लिहिलं, "बहुसंख्य ग्राहकांना प्रमाण मराठीची अपेक्षा असते." हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिलं. त्यात खोटं कुठेच सापडत नव्हतं आणि म्हणूनच ते पाठवलं.

त्या रविवारी अक्काने जेवायला बोलावलं. गेलो तर हॉल भरलेला. पापनाशमहून मावशी सकाळच्या बसने आली होती, शेजारच्या दोघी होत्या, सगळ्यांना खाली चटया टाकल्या होत्या. टीव्हीपुढे खुर्ची एकच, ती माझ्यासाठी. अक्काने नवी साडी नेसली होती.

"काय आहे आज?" मी विचारलं.

"बस तूं," अक्का म्हणाली. "सुधा, ते लाव अतां. असके आले." असके म्हणजे सगळे.

सुधाने फोनवरून टीव्हीवर माझाच व्हिडिओ लावला. कविताने अक्काला तो आठवड्यापूर्वीच पाठवला होता, जसा निघाला तसा, न बघता, न समजता: तुमच्या कामाबद्दल एक मोठे परीक्षक बोललेत म्हणून. अक्काने तो आधी उघडला नव्हता. सगळ्यांबरोबर बघायचा म्हणून ठेवला होता. मोठे परीक्षक म्हणजे आपला गोपू, हे नाव वाचून तिला कोण आनंद झाला होता म्हणे. हे मला सुधाने नंतर सांगितलं.

मी उठून काहीतरी सांगायला हवं होतं, टीव्ही बंद करायला हवा होता. सुरुवातीची सात-आठ मिनिटं कौतुकाची होती आणि मावशी माझ्या पाठीवर हात फिरवत होती. अक्का माझ्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडे बघत होती, शाळेत निकाल लागताना मुली बसतात तशी. मग जीवाबाई बोलली. चटयांवरच्या बायका "अय्यो, अक्काच ही" म्हणत हसल्या. लगेच पडद्यावर माझा चेहरा आला आणि मान डोलायला लागली.

मावशीचा हात पाठीवरून कधी निघाला ते कळलं नाही. पुढची सतरा-अठरा मिनिटं कुणीच टीव्ही बंद केला नाही. अक्काने तो शेवटपर्यंत पाहिला, अगदी "मध्येच उठता येतं का" या भागापर्यंत. मग ती उठली, माझ्यासमोर आली आणि शांतपणे म्हणाली, "काप्पी कुडिक्किरींगळा?"

कॉफी घेणार का, एवढंच. तमिळमध्ये. त्या घरात, माझ्याशी, आयुष्यात पहिल्यांदा. तिथे जमलेल्या प्रत्येकाला ते कळलं. मी "हो" म्हणालो असेन. तिने कॉफी दिली, जेवायला वाढलं, पापडही दोनदा विचारला. असकं तमिळमध्ये. मावशीशी मराठी, सुधाशी मराठी, माझ्याकडे वळली की तमिळ. रागावून नव्हे. बाहेरच्या माणसाशी बोलतात तसं, नीट, आदराने.

महिन्याभराने जोडीची नवी आवृत्ती आली. गेम एकदा विकला तरी पूर्ण होत नाही. त्यातल्या चुका काढून कंपनी तो दुरुस्त करत राहते आणि ती दुरुस्ती प्रत्येकाच्या मशीनवर आपोआप उतरते. या दुरुस्तीत जीवाबाईला नवा आवाज होता, पुण्याकडच्या कुणा अभिनेत्रीचा. स्वच्छ, शुद्ध, बातम्या दिल्यासारखा. लोकांनी माझे आभार मानले. मी कविताला घाईघाईने खरं काय ते कळवलं. तिचं उत्तर आलं, "सर, तुमच्या पत्रानंतरही मी आवाज बदलणार नव्हते. त्या बाईंनी स्वतः फोन करून काढायला सांगितलं. म्हणाल्या, माझ्यामुळे तुझ्या कामाला हसतात."

त्यानंतर मी शेवटचा व्हिडिओ केला. मी तंजावूरचा आहे, ती माझी बहीण आहे, ती बरोबर होती आणि मी भित्रा होतो, असं सांगितलं. आमच्या बोलीत सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं तर शब्द आले, पण हेल पुण्याचा. नक्कल करताना जे लख्ख जमलं होतं ते खरं बोलताना जमेना. लोकांनी मोठ्या मनाने लिहिलं, कौतुक केलं, पोस्टमास्तरांनीही दोन ओळी पाठवल्या. मला त्या कौतुकाची लाजच वाटली. खिडक्यांचे पडदे काढले आणि काम थांबवलं.

कविता जुना आवाज परत घालायला तयार आहे, फक्त अक्काने हो म्हणायला हवं. ते विचारायला मी गेलो. अक्का ओट्यावर शेंगा सोलत होती. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "अक्का, तू हो म्हण. एवढंच." तिने सोललेले दाणे एका बाजूला केले आणि म्हणाली, "सरियान मराठी एनक्कु वरादु." शुद्ध मराठी मला येत नाही. तिच्या बोलण्यात टोमणा शोधला, तो नव्हता. जिने मला बोलायला शिकवलं तिने माझं मत मान्य केलं होतं.

हा लेख देवनागरीत आहे, तो तिला वाचता येणार नाही. म्हणजे ही कबुलीही मी तिच्यापासून सुरक्षित जागी बसूनच देतोय, हे मला कळतं. सुधाला वाचून दाखवायला सांगेन म्हणतो, अजून सांगितलेलं नाही.

माझ्या मशीनवर ती दुरुस्ती मी उतरू दिली नाही. इंटरनेटची तार काढून ठेवली आहे, त्यामुळे जुनी जोड तिथे तशीच आहे. सकाळी आंघोळ करून मी माडीवर जातो आणि औषधशाळेत शिरतो. जीवाबाईने मागितलेली ओखदाची, म्हणजे औषधाची, पानं मी कधीच आणून दिली आहेत, सगळी, झाडाला विचारून. अशा पात्रांचं एक असतं. त्यांना द्यायची कामं संपली, की त्यांचं बोलणंही संपतं. मग त्यांच्यापुढे कितीही वेळा जा, ती शेवटचं वाक्यच पुन्हा म्हणतात. मी जाऊन उभा राहतो. जीवाबाई खलावर दोनदा टकटक करते आणि म्हणते, "असकं सांगून झालं. अतां तूं जा."